परत जमैका, परत तेच अडल्ट्स-ओन्ली रिसॉर्ट: सगळे विचारतात ते प्रश्न

२०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं पहिल्यांदा जमैकात नेग्रिलला गेलो होतो आणि २०२५ च्या मे मध्ये त्याच रिसॉर्टला परत जाऊन आलो. तेव्हापासून इथले न्यू जर्सीचे मंडळातले लोक, पुण्याची बहीण, नवऱ्याचे ऑफिसवाले, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच विचारतायत, म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. आता कोणी विचारलं की हेच पाठवणार, राग मानू नका. रिसॉर्टचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली थोडी कुरकुर पण आहे.

१. अडल्ट्स-ओन्ली म्हणजे नक्की काय? म्हणजे... तसलं काही असतं का तिथे?

हा प्रश्न सगळे आडवळणानेच विचारतात, एकीने तर नुसता डोळे झाकलेला माकड इमोजी पाठवला. नाही हो, तसलं काही नसतं. १८ च्या आतलं कोणी नाही एवढाच अर्थ, म्हणजे पूलमध्ये धप्पकन उड्या नाहीत, नाश्त्याला रडारड नाही आणि रात्री नऊनंतर शांतता. बघायला गेलं तर निम्मे पाहुणे पन्नाशीच्या पुढचे, टोपी घालून शब्दकोडं सोडवत बसलेले.

पण यात तीन वेगळे प्रकार आहेत आणि लोक तिथेच घोळ करतात. एक साधं अडल्ट्स-ओन्ली, कोणीही या, एकटे या, मैत्रिणी मैत्रिणी या. दुसरं कपल्स-ओन्ली, तिथे जोडीनेच बुकिंग, सँडल्स ही रिसॉर्टची साखळी त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव, ती १९८१ मध्ये जमैकातल्याच मोंटेगो बे शहरात सुरू झाली. आणि तिसरं कपडे ऐच्छिक असलेलं, नेग्रिलचं हेडोनिझम टू त्यासाठी जगप्रसिद्ध आहे. कपल्स-ओन्ली जागांतही कधी कधी किनाऱ्याचा एखादा तुकडा तसा राखून ठेवलेला असतो, तर बुक करण्याआधी नीट वाचा, तिथे जाऊन दचकू नका.

२. ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे खरंच सगळं फुकट?

फुकट काही नाही, आधी दिलेत पैसे. खोली, खाणं, दारू, कयाक वगैरे आणि बहुतेक ठिकाणी एअरपोर्टवरून ने-आण येते. स्पा, बाहेरच्या ट्रिपा आणि किनाऱ्यावर दोघांसाठी मेणबत्त्या लावून मांडलेलं खास जेवण, याचे वेगळे पैसे. त्या जेवणाच्या नादी लागू नका, वाऱ्याने मेणबत्त्या विझतात आणि पायाला किडे चावतात.

३. कसं जायचं, किती लांब?

नेवार्कहून मोंटेगो बेचं थेट विमान, साधारण चार तास. तिथून नेग्रिल ८० किलोमीटरच्या आसपास, रस्त्याने दीड तास धरा, ट्रॅफिक लागला तर दोन. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, अमेरिकेत वीस वर्षं राहून पण मला बसमध्ये बसल्या बसल्या घरी आल्यासारखं वाटलं. एअरपोर्टवर इमिग्रेशनची रांग दुपारी भयंकर असते. पैसे भरून पुढे नेणारी क्लब मोबेची सोय आहे, पहिल्यांदा आम्ही ती उगाच उधळपट्टी म्हणून घेतली नव्हती, यावेळी घेतली आणि नवरा पहिल्यांदाच काही बोलला नाही. जमैकात शिरतानाचा सी-५ नावाचा इमिग्रेशन-कस्टम्सचा फॉर्म मात्र ऑनलाइन आधीच भरून ठेवा.

भारतातून येणाऱ्यांसाठी: थेट काही नाही, अमेरिका, लंडन अशा कुठून तरी विमान बदलून यावं लागतं, आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो.

४. भारतीय पासपोर्ट आहे, व्हिसाचं काय? एच-१बी वर जाता येतं का?

जमैकात शिरायला भारतीय पासपोर्टवर पर्यटक व्हिसा लागत नाही, निघण्याआधी एकदा तपासून घ्या एवढंच. प्रॉब्लेम जाण्याचा नाही, परत अमेरिकेत येण्याचा आहे.

एच-१बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावाल्यांनो, नीट वाचा. पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प चालू असेल तर काही टेन्शन नाही. स्टॅम्प संपलाय आणि हातात फक्त आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याचा कागद) आहे, तर नवीन स्टॅम्प घेतल्याशिवाय जमैकाहून परत येता येणार नाही. लोक सांगतात ना "अरे ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन असतं", म्हणजे संपलेल्या स्टॅम्पवर परत येऊ देण्याची सवलत, ते असतं, पण एच-१बी ला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी, तेही ३० दिवसांच्या आत परत आलात आणि आय-९४ (अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्याची नोंद) चालू असेल तर. एफ-१ (विद्यार्थी) आणि जे-१ (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना मात्र तीच सवलत क्यूबा सोडून कॅरिबियनमधल्या या बेटांनाही आहे. म्हणजे एमएस करणारा भाचा जमैकाला जाऊन येऊ शकतो आणि दहा वर्षं नोकरी करणारा मामा नाही.

मग मामा म्हणतो कॅनकुनला जातो. तिथे दुसरी मेख, मेक्सिकोचा व्हिसा माफ होतो तो चालू अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड वगैरे असेल तर. स्टॅम्प संपला असेल तर आधी मेक्सिकोचा व्हिसा काढा. आणि ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग असलेल्यांनी मला नाही, वकिलाला विचारा.

५. कधी जावं?

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा सगळ्यात चांगली आणि भाव सगळ्यात चढे. आम्ही पहिल्यांदा फेब्रुवारीत गेलो होतो, आता मे मध्ये. मे मध्ये पाऊस येतो, पण दुपारी तासभर धो धो आणि मग परत लख्ख, आपल्या वळवासारखा. रेट बराच कमी होता, गर्दी कमी, आणि आंबे (प्रश्न १० बघा).

१ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा सीझन, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जास्त धोक्याचा. आम्ही येऊन पाच महिने झाले आणि २८ ऑक्टोबर २०२५ ला हरिकेन मेलिसा थेट जमैकाच्या नैऋत्य किनाऱ्यावर आदळलं, कॅटेगरी पाच म्हणजे सगळ्यात वरची, ताशी २९५ किलोमीटरचे वारे. नेग्रिलचा बराचसा भाग ज्या वेस्टमोरलंड जिल्ह्यात येतो त्याच जिल्ह्यात ते जमिनीवर आलं. तेव्हा आता बुक करणाऱ्यांनी जुने फोटो बघून ठरवू नका, रिसॉर्टला थेट मेल करून विचारा की कुठल्या इमारती चालू आहेत, कुठली रेस्टॉरंटं चालू आहेत, आणि रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

अजून एक, सारगासम. ही समुद्रातली तपकिरी शेवाळी, २०११ पासून उन्हाळ्यात ढिगांनी किनाऱ्यावर येते आणि सडली की कुजक्या अंड्यासारखा वास. पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांना, म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना, कॅनकुनच्या खालचा पट्टा, यांना जास्त त्रास. नेग्रिलचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे आम्हाला दोन्ही वेळा जवळजवळ दिसली नाही. आणि सूर्यास्त थेट समुद्रात, रोज.

६. एकदा बघून झालं होतं ना, मग परत तिथेच का? त्या पैशात ग्रीस झालं असतं.

झालं असतं. मोठ्या दिरांनी हे मला चार वेळा सांगितलंय.

पण खरं सांगू का, २०१८ ला आम्ही सुट्टीवर नव्हतोच, आम्ही पैसे वसूल करत होतो. सहा दिवसांत सगळी रेस्टॉरंटं, कॅटामरान बोटीची फेरी, स्नॉर्केलिंग, योगा (कॅरिबियनला जाऊन योगा!), डन्स रिव्हरचा धबधबा, ज्याला नेग्रिलहून जायलाच तीन तास लागतात आणि हे बुक करताना कोणी बोलत नाही. घरी आलो तेव्हा दोघांनाही एक दिवस रजा वाढवावी लागली. यावेळी बघायचं काही राहिलंच नव्हतं. पहिल्या सकाळी कॉफी घेऊन समुद्राकडे तोंड करून बसलो ते दुपारच्या जेवणालाच उठलो. नवऱ्याने एक अख्खं पुस्तक वाचून संपवलं, लग्नाला बावीस वर्षं झाली, मी हे पहिल्यांदा बघितलं. कुठला बार दुपारी सावलीत असतो, कुठल्या रेस्टॉरंटला आधी नंबर लावावा लागतो, कुठल्या खुर्च्यांवर सकाळी सातला लोक टॉवेल टाकून जागा धरतात, हे सगळं माहिती असल्यामुळे डोकं एकदम रिकामं.

ज्यांना नवीन जागा बघितल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी मात्र परत जाऊ नका, तिसऱ्या दिवशी भांडणं होतील. दिरांनी तर अजिबात जाऊ नये.

७. परत येणाऱ्या पाहुण्यांना काही सवलत वगैरे मिळते का?

मिळते, पण मागावी लागते. रिसॉर्टच्या बहुतेक साखळ्यांची मेंबरशिप असते, रात्री मोजतात, त्यावर थोडी सूट, खोली अपग्रेड, एखादी वाईनची बाटली. तीन ठिकाणी गाडं अडतं. एक, प्रवासाच्या साइटवरून बुक केलं तर त्या रात्री कधी कधी धरतच नाहीत. दोन, ठराविक वर्षांत परत आला नाहीत तर पॉइंट जातात, आमचे गेलेच होते, सात वर्षं म्हणजे जरा जास्तच झाली. आणि तीन, नाव. माझ्या जुन्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव होतं, रिन्यू करताना बदललं, त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नवरा जुना गिऱ्हाईक आणि मी नवीन. रिसेप्शनवरच्या मुलीने एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे आणि फार प्रेमळ आवाजात म्हणाली, "वेलकम, फर्स्ट टाइम?" तिच्या डोक्यात काय आलं असेल याचा विचार नवरा अजून करतोय. जुन्या पासपोर्टची कॉपी मेल करून आधीच सरळ करून घ्या.

८. तीच खोली मागावी का?

नका मागू. आम्ही मागितली, मिळाली, आणि पडदा सरकवला तर समोर नवीन बारची मागची भिंत आणि रिकाम्या क्रेटची थप्पी. सात वर्षांत झाडंसुद्धा वाढतात, समुद्र दिसायचा तिथे आता पानं दिसतात. खोलीचा नंबर मागण्यापेक्षा काय हवंय ते सांगा, तळमजला नको, जनरेटरपासून लांब, सकाळचं ऊन नको. दुसऱ्या दिवशी बदलून दिली त्यांनी, विनातक्रार.

९. सात वर्षांत काय बदललं?

किनारा अरुंद झाल्यासारखा वाटला, आणि तो नुसता भास नाही, नेग्रिलला वाळू वाहून जायचा प्रश्न जुना आहे. सेव्हन माईल बीच म्हणतात पण सात मैल तो मोजायला गेलात तर भरत नाही. माडापेक्षा उंच इमारत नको असा इथला जुना दंडक, तोही आता हळूहळू ढिला झालाय.

रिसॉर्टमध्ये सगळं अ‍ॅपवर गेलंय, जेवायची वेळ पण. आमचं आवडतं रेस्टॉरंट दुरुस्तीसाठी बंद होतं आणि हे चेक-इनला कळलं, तीन आठवडे आधी मेल केला असता तर काय बिघडलं असतं. शिवाय "खास जुन्या पाहुण्यांसाठी नाश्ता" म्हणून बोलावलं आणि दीड तास त्यांच्या व्हेकेशन क्लबची मेंबरशिप विकत बसले. अशा नाश्त्याला जाऊ नका. गेलात तर सही करू नका.

माणसं पण बदलली. तेव्हाचा बारवाला क्रूझवर गेला असं कळलं. खोली आवरणाऱ्या मावशी मात्र त्याच, आम्हाला ओळखलं नाही, पण पहिल्या वेळी निघताना दिलेली बाकरवडी आठवत होती, "ते तिखट, गोल गोल" म्हणून हाताने गोल करून दाखवलं. यावेळी नेली नव्हती. फार लाज वाटली.

१०. शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

नाही, उलट कोकणातल्या माणसाला तर इथे घरच्यासारखं वाटेल. नाश्त्याला कॅललू असतो, तो म्हणजे आपला माठ, कांदा लसूण घालून परतलेला. ब्रेडफ्रूट म्हणजे नीरफणस, ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये जहाजातून रोपं आणली होती गुलामांना स्वस्तात पोसायला, आता भाजून किंवा काप तळून खातात. राइस अँड पीज मधले पीज म्हणजे वाटाणे नव्हेत, राजमा, नारळाच्या दुधात शिजवलेल्या भातात, आणि ख्रिसमसला त्याच भातात ओली तूर घालतात. नेझबेरी मागवलं तर चिकू येतो. सॉरेल नावाचं लाल सरबत म्हणजे अंबाडीच्या बोंडांचं. आणि मे मध्ये रस्त्यावर आंब्यांचे ढीग, त्यात एका जातीचं नावच बॉम्बे. मधोमध गोल चीर द्यायची, पिळायचं, दोन वाट्या वेगळ्या. हापूस नाही, पण हापूसची आठवण काढत खायला वाईट नाही.

रास्ताफारी, म्हणजे तिथल्या एका धर्मपंथाच्या लोकांचं, आयटल नावाचं जेवण असतं, मांस नाही, बऱ्याचदा मीठही नाही, रिसॉर्टबाहेर मिळतं. सांभाळायचं ते सुपांना, रेड पीज सूप दिसायला राजम्याचं पण आत डुकराचं शेपूट असू शकतं. आणि "व्हेज आहे का" असं विचारू नका, "मांस, मासे, चिकन स्टॉक काही आहे का" असं एकेक करून विचारा. स्कॉच बॉनेट मिरचीपुढे कोल्हापूरचा माणूस पण जरा थांबतो.

११. मुलाला कुठे ठेवलं?

२०१८ ला सासू-सासरे सहा महिने आले होते, मुलगा अकरा वर्षांचा, त्यांच्याकडे. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर सासूबाई विचारायच्या, "जेवलात का?" ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये! यावेळी मुलगा १८ चा, म्हणजे नियमाप्रमाणे त्यालाही प्रवेश आहे, हे त्याने स्वतःच शोधून काढून सांगितलं. आम्ही ऐकलंच नाही.

१२. टिप द्यायची का?

रिसॉर्ट कुठल्या साखळीचं त्यावर आहे. सँडल्ससारख्या काही ठिकाणी कर्मचाऱ्यांना टिप घ्यायला मनाई आहे, बटलर आणि स्पा सोडून. बाकी ठिकाणी एक-एक, पाच-पाच डॉलरच्या नोटा न्या, अमेरिकन डॉलर सगळीकडे चालतात. बाहेर भाव सांगताना मात्र अमेरिकन की जमैकन ते आधी विचारा, दोन्हीला डॉलरच म्हणतात आणि फरक शंभरपटीच्या पुढे आहे.

१३. बाहेर पडावं का? सेफ आहे?

रिसॉर्टच्या आत आम्हाला पूर्ण सेफ वाटलं. बाहेर दिवसा आम्ही दोन्ही वेळा फिरलो, रात्री पायी नाही. टॅक्सी लाल नंबरप्लेटवालीच घ्या, भाव आधी ठरवा. किनाऱ्यावर रिसॉर्टची हद्द संपते तिथे दोरीपलीकडे विक्रेते उभे असतात, मसाज, लाकडी पोपट, आणि पुढच्या प्रश्नातली वस्तू. एकदा हसून नको म्हटलं की जातात, नुसतं न बघता पुढे गेलात तर त्यांना तो अपमान वाटतो, हे मला यावेळी कळलं. "सून कम" म्हणाले की आपलं "आलोच हां" समजायचं, म्हणजे तासभर बघू नका.

नेग्रिलच्या वेस्ट एंड भागात खडकाळ कडा आहे, तिथलं रिक्स कॅफे १९७४ पासूनचं, लोक साधारण दहा मीटरवरून उड्या मारतात आणि बाकीचे बिअर पीत बघतात. आम्ही बाकीचे. जवळच १८९४ चं दीपगृह, तिथे गर्दी नसते, आम्हाला तेच जास्त आवडलं.

१४. गांजा कायदेशीर आहे का तिथे?

पूर्ण नाही. २०१५ पासून दोन औंसांपर्यंत जवळ सापडला तर गुन्हा नाही, दंड होतो. शब्द मात्र आपलाच, भारतातून गेलेल्या मजुरांबरोबर गेलेला. पण ज्यांच्याकडे अमेरिकन पासपोर्ट नाही त्यांनी हा प्रश्न इथेच सोडा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात तो अजून गुन्हाच आहे आणि परत येताना ऑफिसरसमोर नुसतं "हो, घेतला होता" म्हणालात तरी व्हिसा, ग्रीन कार्ड गोत्यात येऊ शकतं. बॅगेत चुकून राहिलेलं काही तर अजिबात नको.

१५. तिथे भारतीय म्हणून कसं वागवतात?

छान. १० मे १८४५ ला ब्लंडेल नावाच्या जहाजातून पहिले भारतीय मजूर ओल्ड हार्बर बेला उतरले, उसाच्या मळ्यांवर. त्यांचे वंशज वेस्टमोरलंडमध्ये बरेच, त्यामुळे करी गोट आणि रोटी हे तिथल्या लोकांचं रोजचंच खाणं आहे, "इंडियन फूड" म्हणून वेगळं नाही. योगायोगाने १० मे ला आम्ही तिथेच होतो. कोणी रस्त्यात "कुली" म्हणून हाक मारली तर, शब्दाचा इतिहास वाईट आहे, पण काही जण तो सरसकट भारतीय चेहऱ्याला वापरतात, आम्हाला एका नारळवाल्याने मारली आणि वर एक नारळ जास्त दिला. काय करणार.

आणि क्रिकेट. एक म्हातारे वॉचमन होते, त्यांना कोहली-बुमराहशी देणंघेणं नव्हतं, त्यांनी १९७१ चा भारताचा वेस्ट इंडिज दौरा काढला. गावसकरच्या ७७४ धावा सगळ्यांना पाठ असतात, पण किंग्स्टनच्या सबाइना पार्क मैदानावर २१२ मारणारे आपले मडगावचे दिलीप सरदेसाई त्यांना आठवत होते. नवरा एक तास तिथून हलला नाही.

१६. मी एकटी किंवा मैत्रिणीबरोबर जाऊ शकते का?

हो, फक्त कपल्स-ओन्ली नको (प्रश्न १ बघा). एकटीला खोलीचं भाडं बहुतेक ठिकाणी दोघांच्या जवळपास पडतं, बुक करताना सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकटीचे जादा पैसे, किती ते विचारा.

१७. बॅगेत काय न्यावं, काय नेऊ नये?

मिलिटरी छापाचे कपडे नेऊ नका, जमैकात नागरिकांनी ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलाची चड्डी असो की तुमची टोपी. रात्रीच्या काही रेस्टॉरंटला पुरुषांना फुल पँट आणि बंद बूट लागतात, नवऱ्याला २०१८ ला सँडलवरून परत पाठवलं होतं, यावेळी बूट नेले आणि ते रेस्टॉरंट बंद (प्रश्न ९). संध्याकाळी वाळूत बारीक किडे चावतात, त्यासाठी काहीतरी लावायला न्या.

१८. तिसऱ्यांदा जाणार का?

मेलिसानंतर खोली आवरणाऱ्या त्या मावशींना मेसेज टाकला होता, आठवड्याने उत्तर आलं. सगळे ठीक, घराचं छप्पर गेलं, रिसॉर्टकडून कधी बोलावतील माहिती नाही. त्या परत कामावर लागल्या की आम्ही जाणार. बाकरवडी दोन किलो.